एका माणसाला हलवता येईल एवढा दगड

एकट्या माणसाने देऊळ बांधायला घेतले की लोक त्याच्या श्रद्धेबद्दल विचारतात. दगडाच्या वजनाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. श्रद्धेने मला कामाला लावले हे खरे, परंतु त्यानंतर देवळाची लांबी-रुंदी, खांबांमधले अंतर, छताची रचना आणि शिखराचे साहित्य हे सारे एकाच प्रश्नाने ठरत गेले: माझ्या एकट्याच्या हातांनी काय हलू शकते? साक्री तालुक्यातल्या आमच्या शेताच्या बरड तुकड्यावर मी हे महादेवाचे देऊळ 1987 साली बांधायला घेतले. आज गाभारा, अंतराळ (गाभारा आणि सभामंडप यांना जोडणारा भाग) आणि सभामंडप उभे आहेत, शिखर निम्म्यावर आले आहे आणि मी सत्तरीला टेकलो आहे. असे काम करू पाहणाऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून ही प्रक्रिया सविस्तर लिहून ठेवत आहे.

जागेची निवड मी केली नाही, ती जमिनीने करून दिली. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काळ्या दगडाच्या अरुंद, लांबच लांब धारा शेता-माळांतून पूर्व-पश्चिम गेलेल्या दिसतात. लाव्हाच्या जुन्या थरांना पडलेल्या भेगांमध्ये खालून शिलारस चढला, तिथेच थिजला, आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उघडा पडला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. अशीच एक धार आमच्या बरडातून जाते. तिचा दगड घट्ट, बारीक कणांचा आणि नैसर्गिक चिरांनी आधीच विभागलेला असल्यामुळे त्यातून चौकोनी तुकडे काढणे तुलनेने सोपे पडते. त्याच धारेचा एक सपाट भाग जोत्याखाली आल्याने पायाचा मोठा प्रश्नही सुटला. फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात काळी माती लागली. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर भिंतीचा भार कधीही ठेवू नये. तेवढा कोपरा मी घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदून दगडांनी भरून घेतला. जागा बिनशेती करून घेणे आणि दगडाचे स्वामित्वधन भरणे हे सोपस्कार त्याआधीच पुरे केले होते.

दगडाशी माझी ओळख 1972 च्या दुष्काळात झाली. त्या वर्षी आमच्यासारखी असंख्य घरे दुष्काळी कामांवर खडी फोडून जगली, आणि हातोडा कोठे मारला म्हणजे दगड फुटतो व कोठे मारला म्हणजे नुसताच उसळतो, हे मी मिसरूड फुटण्याच्या वयात त्या कामावर शिकलो. पुढे आठवडी बाजारात जाती आणि पाटे घडवून विकणाऱ्या एका वृद्ध पाथरवटाने मला टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, धरायला शिकवले. त्यांनी दिलेली पहिली शिकवण अशी की दगड आधी ऐकावा. सांगितलेल्या जागी हलका ठोका दिला आणि खणखणीत आवाज आला, तर तो अखंड समजावा. आवाज बद्द आला, तर आत चीर आहे असे धरून तो भरावात टाकावा. जाळीदार दगड, म्हणजे थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेला, दिसायला बरा वाटला तरी मी तुळईसाठी कधी वापरला नाही.

आराखडा मात्र मी बळसाण्याकडून घेतला. आमच्याच तालुक्यातल्या या गावात हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी जुनी दगडी देवळे आहेत, आणि बांधकाम सुरू करण्यापूर्वी मी दोरी व वही घेऊन तेथे वारंवार जात असे. खांबांवरचे कोरीवकाम करण्याची माझी पात्रता नव्हती, म्हणून मी तुळयांची लांबी, खांबांमधले अंतर आणि छतात दगड एकमेकांवर कसे टेकले आहेत एवढेच टिपून घेतले. त्या मापांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. दगड दाब वाटेल तेवढा सोसतो, परंतु ताण सोसत नाही. तुळईवर भार आला की तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि दगड खालूनच तडकतो. त्यामुळे ज्यांच्या हाताशी शेकडो पाथरवट होते त्यांनाही खांब जवळ जवळ ठेवावे लागले. अधिक हात असते तर मला अधिक मोठा मंडप बांधता आला असता हे खरे. परंतु प्रत्येक दोन खांबांमधला गाळा फारसा मोठा झाला नसता, आणि गाळा एकट्याला बांधता आला तर मंडप हा अशा गाळ्यांचा समूह आहे, एवढे कळल्यावर मला धीर आला.

मग वजनांचा हिशेब मांडला. आमच्या काळ्या दगडाचे वजन घनफुटाला साधारण 80 किलोच्या पुढे भरते. म्हणून भिंतीचा चिरा मी एक फूट लांब, नऊ इंच रुंद आणि नऊ इंच उंच असा ठरवला. तो 45 किलोच्या आसपास येतो आणि फळीवरून सरकवत, गुडघ्याचा टेकू देत एका माणसाला जागेवर बसवता येतो. तुळई सहा फूट लांब आणि एक फूट जाड-रुंद धरली तर ती जवळपास पाच क्विंटल होते. चिरा आणि तुळई या दोन दगडांमध्येच माझ्या आयुष्याची अडतीस वर्षे गेली, असे म्हटले तरी चालेल.

दगड काढण्याची पद्धत जुनीच आहे. रेषेवर सारख्या अंतराने भोके पाडायची, त्यांत पोलादी पाचरा बसवायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरेवर सारखाच घाव घालत जायचे. घाई करून एकाच पाचरेवर जोर दिला तर फूट वाकडी जाते. सारखे घाव पडले की पाचरांचा आवाज चढत जातो, मग एकदम उतरतो, आणि कातळात केसाएवढी रेषा दिसते. काळा दगड टाकीचे टोक फार लवकर खातो. सुरुवातीला मी लोहाराकडे जात असे, पुढे स्वतःचा भाता बसवला. टोक तापवून पाण्यात बुडवायचे, मग दांड्याकडची उरलेली धग टोकाकडे सरकू द्यायची आणि पोलादावर गवती पिवळा रंग चढला की पुन्हा विझवायचे. रंग निळ्यावर गेला तर टाकी मऊ पडते, अजिबात न येऊ दिला तर ती काचेप्रमाणे तुटते.

भिंतींचे सांधे मी कोरडे ठेवले, म्हणजे दोन चिऱ्यांमध्ये चुना किंवा सिमेंट घातले नाही. अशा भिंतीत दगडावर दगड पूर्ण पृष्ठभागाने टेकला पाहिजे, नाहीतर भार एखाद्या उंचवट्यावर एकवटतो आणि चिरा फुटतो. त्यासाठी खालच्या दगडाच्या माथ्यावर पातळ गेरू फासावा, वरचा दगड अलगद टेकवावा आणि पुन्हा उचलून उलटा करावा. वरच्या दगडाला जेथे गेरू लागला तेथे उंचवटा आहे. तेवढाच टाकीने उतरवावा आणि पुन्हा टेकवावा. पहिल्या खेपेस तीन-चार ठिपके उठतात, नंतर त्यांची संख्या वाढत जाते, आणि अखेरीस सगळ्या पृष्ठभागावर गेरूचे बारीक शिंपण उठते, तेव्हा तो दगड बसला असे समजावे. एका चिऱ्याला कधी अर्धा दिवस लागतो, कधी दोन. हे काम एकट्याने करण्यात एक लाभही आहे: आपल्या टाकीचा घाव किती खोल जातो हे आपल्यालाच ठाऊक असल्यामुळे भिंत पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत एका हाताची दिसते.

तुळई खांबांवर चढवणे हा या कामातला सर्वात कठीण भाग होता, आणि तेथेच मला पहारीचे मोल कळले. पाच क्विंटलचा दगड एका माणसाने उचलायचा नसतो, त्याची एक बाजू उचलायची असते. तुळईच्या एका टोकाखाली पहार सारायची, पहारीखाली जवळच टेकूचा दगड ठेवायचा आणि लांब टोकावर अंगाचे वजन टाकायचे. टोक दोन बोटे उचलले की दुसऱ्या हाताने बाभळीची पट्टी आत सरकवायची. मग दुसऱ्या टोकाकडे जाऊन तेच करायचे. पट्ट्यांची चळत आडवी-उभी रचत गेलो की तुळई दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चढत राहते. हात कधीही दगडाखाली जाता कामा नये, हा नियम मी एकदाही मोडला नाही, आणि माझी दहाही बोटे शाबूत आहेत ती त्या नियमामुळे. पुढील काळात मी मातीचा उतार रचून लोखंडी नळ्यांवरून तुळया ओढल्या आणि शेवटच्या गाळ्यांसाठी तीन बल्ल्यांच्या घोडीला एक टनी चेनपुली लावली. चेनपुलीने श्रम पुष्कळ वाचले. परंतु दगड क्षणाक्षणाला कोणत्या बाजूला झुकतो आहे याचे ज्ञान मला पहारीनेच दिले, आणि नवख्या माणसाने सुरुवात पहारीपासून करावी असे माझे ठाम मत आहे.

छताची रचना बळसाण्याला पाहिली होती तशीच ठेवली. चार तुळयांच्या चौकटीत पाच फुटांचा मोकळा चौरस राहतो. त्याच्या चार कोपऱ्यांत त्रिकोणी शिळा ठेवल्या की आत तिरपा, साडेतीन फुटांचा चौरस उरतो; त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार शिळा ठेवल्या की अडीच फुटांचा सरळ चौरस उरतो, आणि तो एका शिळेने झाकता येतो. पाच फुटांच्या जागेवर अखंड शिळा चढवायची असती तर ती एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेली असती. जुन्या कारागिरांनी ही युक्ती दगडाची ताण सोसण्याची मर्यादा ओळखून योजली असणार. मला मात्र ती माझ्यासारख्या एकट्यासाठीच राखून ठेवल्यासारखी वाटली, आणि पहिल्या गाळ्याची झाकणशिळा बसली त्या संध्याकाळी मी तिच्याखाली बसून पहिल्यांदा रुद्र म्हटला.

आमच्याकडे काम वर्षभर सारखे चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो, दगडाला हात लावता येत नाही, म्हणून पहाटे चार ते साडेआठ एवढेच काम. पावसाळ्यात पेरणी, निंदणी आणि कपाशीची फवारणी; श्रावणात कानबाई देवीच्या सणाला, म्हणजे रोटांना, सगळे भाऊबंद घरी येतात, तेव्हा तर टाकी बंदच. खरे बांधकाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पैसा कपाशीतून आला, ज्या वर्षी बोंडे गेली त्या वर्षी देवळालाही काही मिळाले नाही. देणगी मात्र मी कळसापर्यंत कोणाकडूनही घ्यायची नाही असे ठरवले होते, कारण देणगीबरोबर मुदत येते आणि मुदतीबरोबर घाई.

एकट्याने बांधले असे म्हणताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दगडाला हात माझे एकट्याचे लागले, परंतु इतकी वर्षे घर माझ्या पत्नीने चालवले, आणि शेताचा अर्धा भार माझ्या धाकट्या भावाने उचलला. गावातले लोक जाता-येता विचारत, “नाना, हाई कव्हय पुरं व्हई?” म्हणजे, हे पूर्ण कधी होणार? या प्रश्नात थट्टा कमी आणि काळजी अधिक असे. एका दुष्काळी वर्षी मी काम सोडून देण्याच्या विचारात असताना पत्नी एवढेच म्हणाली, “दगड बी आपला शे, हात बी आपलाच शेतस, मंग कोनी वाट देखतस?” त्यानंतर मी हा विचार पुन्हा मनात आणला नाही.

काही वर्षांपूर्वी पुतण्याने मला स्पेनमधल्या हुस्तो गायेगो यांची छायाचित्रे दाखवली. हे गृहस्थ 1925 साली माद्रिदजवळच्या मेहोरादा देल काम्पो या गावी जन्मले, तरुणपणी ख्रिस्ती मठात राहिले, परंतु क्षयरोगामुळे त्यांना मठ सोडावा लागला. बरे झाल्यावर त्यांनी 12 ऑक्टोबर 1961 रोजी, पिलारच्या मातेच्या, म्हणजे मेरीमातेच्या एका रूपाच्या, सणाच्या दिवशी, वडिलार्जित जमिनीवर तिच्या नावाने एक भव्य चर्च बांधायला सुरुवात केली आणि 28 नोव्हेंबर 2021 रोजी वयाच्या 96 व्या वर्षी निधन होईपर्यंत तेच काम केले. वास्तुशास्त्राचे शिक्षण नाही, अधिकृत नकाशा नाही, बांधकाम परवाना नाही; कारखान्यांनी टाकून दिलेल्या विटा, भंगार लोखंड, खांबांच्या साच्यासाठी तेलाचे रिकामे पिंप, आणि या सगळ्यातून सुमारे 40 मीटर उंचीचा घुमट. त्यांनाही पुतण्यांनी आणि एका निष्ठावान सहकाऱ्याने साथ दिली. ते पाहून मला फार आनंद झाला, आणि तितकीच चिंताही वाटली, कारण ती सगळी वास्तू एका माणसाच्या डोक्यात होती. निधनापूर्वी त्यांनी ती मेन्साहेरोस दे ला पास या धर्मादाय संस्थेच्या स्वाधीन केली म्हणून पुढचे काम मार्गी लागू शकले. ज्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी मोठे काम केले त्यांच्याकडून मी हे शिकलो की मोजमाप डोक्यातून कागदावर वेळेत उतरले पाहिजे.

माझ्या कामावर घेतला जाणारा सर्वात गंभीर आक्षेप आमच्याच वारकरी मंडळींचा आहे. आमच्या गावातून दिंडी जाते, मीही माळकरी आहे, आणि देव दगडात नसून माणसात आहे हे कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलो आहे. याच कष्टातून शाळेची खोली किंवा पाण्याची टाकी झाली असती, हे म्हणणे खोटे नाही. माझे उत्तर एवढेच की दगडाला गेरू लावून तो पुन्हा पुन्हा टेकवताना माझ्या मनात दुसरे काही उरत नाही, आणि नामस्मरणात जे साधावे म्हणून संतांनी सांगितले ते मला जपमाळेपेक्षा टाकीने अधिक साधले. ज्याला ते दुसऱ्या मार्गाने साधते त्याने देऊळ बांधू नये.

शिखर मी दगडाऐवजी वीट आणि चुन्यात घेतले आहे. वीट तीन किलोची. बांबूच्या परांचीवरून एका वेळी थोड्याच वर नेल्या तरी दिवसाकाठी काम दिसते, आणि गाभाऱ्याच्या भिंतींवर भारही कमी येतो. सिमेंट नाकारण्याचे कारणही व्यावहारिक आहे. पाणी घातल्यापासून तास-अर्ध्या तासात ते आवळू लागते, आणि म्हातारा माणूस तेवढ्या वेळात परांचीवर घमेले चढवून, ओळंबा धरून चार विटाही नीट लावू शकत नाही. चुना थांबतो. खड्ड्यात विझवून महिनोन्‌महिने पाण्याखाली मुरवलेला, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळलेला आणि गुळाचे पाणी व बेलफळाचा गर दिलेला चुना झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कर्बवायू शोषत वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो. एकट्या माणसाच्या गतीला चुन्याइतके साजेसे दुसरे साहित्य मला ठाऊक नाही.

गुडघे आता परांचीवर फार वेळ टिकत नाहीत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी धुळीत काम करायला मनाई केली आहे, म्हणून दगड ओला करूनच टाकी चालवतो. उरलेल्या प्रत्येक थराचे माप वहीत उतरवले आहे, आमलक, म्हणजे शिखराच्या माथ्यावरचा पाकळ्यांचा गोल दगड, एकसंध न ठेवता चार तुकड्यांत घडवला आहे, आणि प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूस थराचा व दिशेचा अंक कोरला आहे, म्हणजे चेनपुली चालवता येणाऱ्या कोणालाही तो चढवता येईल. गेल्या वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यासाची नोंदणी केली आणि जमिनीचा तेवढा तुकडा न्यासाच्या नावे करून दिला. न्यासाच्या नियमांत मी दोन गोष्टी आग्रहाने लिहवून घेतल्या. या देवळाच्या दगडावर कधीही तैलरंग लावायचा नाही, कारण रंगाखाली पाणी कोंडते आणि कालांतराने दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आणि सभामंडपाला लागून काँक्रीटचा स्लॅब टाकायचा नाही, कारण कोरड्या सांध्यांची भिंत थोडी हलते, स्लॅब हलत नाही, आणि दोघांच्या मधला चिरा फुटतो. पंचांना पहिला नियम थोडा कडक वाटला. आमच्या भागातली किती जुनी देवळे पिवळ्या-लाल रंगाखाली गेली आहेत याची यादी मी त्यांच्यासमोर ठेवली, आणि दोन्ही नियम मंजूर झाले.